रोमन सेनापतीच्या कोंबड्या

बी.ए.ची तोंडी परीक्षा पास झाले, तर आमच्या दातिवऱ्याच्या घरातली मी पहिली पदवीधर होणार होते. आदल्या दिवशी आईबरोबर बोंबील वाळत घालताना मी रोमन सेनापतींचा धडा मोठ्याने म्हणत होते. एकाच्या जहाजावर शकुनाच्या कोंबड्या होत्या. त्यांनी दाणे टिपले, तरच लढाई करायची. त्या खाईनात, म्हणून त्याने रागाने त्या समुद्रात फेकल्या आणि लढाई हरला.

आई म्हणाली, "बाय, खातील कशा? त्यांना बोट लागली असंल! मेल्याला दर्या ठावूकच नाय."

दुसऱ्या दिवशी पालघरला परीक्षक बाईंनी नेमकं तेच विचारलं. "तो का हरला?"

घाबरून माझ्या तोंडून निघालं, "बाई, कोंबड्यांना बोट लागली होती. त्याला समुद्रच कळत नव्हता."

बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. "हे कुठल्या पुस्तकात?"

"आईने सांगितलं. ती मासे विकते."

"मग तिलाच आरमार द्यायला हवं होतं! जा, पास."

आई पालघरच्याच मासळी बाजारात बसायची; मी धावत तो गाठला. सगळं ऐकून आई पाटीमागून उठली आणि मला धरून नाचायलाच लागली. समोरचं गिऱ्हाईक पिशवी उघडी धरून बघत राहिलं.