मोठ्या छिद्राची चकती

नेम धरताना तुम्हाला जनावराच्या आजूबाजूचं काही दिसतं का?

चंद्रपूरच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात एक म्हातारा, लष्करानं मोडीत काढलेल्या आणि शिकारीसाठी हलक्या केलेल्या रायफलीवर बसवायला, जिच्यातून पाहून नेम धरतात ती छिद्राची चकती निवडत होता. एकीचं छिद्र बारीक, दुसरीचं मोठं. दोन्ही डोळ्याला लावून तो रस्त्यावरची माणसं पाहत होता.

"बारीकवालीच घ्या ना भाऊ, नेम पक्का बसते," दुकानदार म्हणाला.

"मोठीवालीच दे. बारीकमधून डुक्कर दिसलं, बाजूचा माहा धाकटा भाऊ नाई दिसला. पाय गेला त्याचा. तवापासून माह्याशी बोलूनच नाई राह्यला."

शिकारीविरोधातली पत्रकं वाटत मी त्या दुकानात आलो होतो; एक त्याच्यापुढं केलं. त्यानं ते घडी घालून खिशात, डुकरांपासून पीक राखायच्या बंदुकीच्या परवान्याशेजारी ठेवलं.

धानाच्या बांधावर रायफल घेऊन राखणीला बसलेला असा म्हातारा दिसला तर लांबूनच आवाज द्या, आणि थोडा वेळ त्याच्याशी बोलत बसा.