शंतनु कानडेची बिनसीटची गाडी

परदेशीपुऱ्यात शंतनु कानडेला लोक ओळखायचे ते त्याच्या गाडीमुळे. त्या गाडीला सीटच नव्हती. "भिया, बैठते कहाँ हो?" असं कोपऱ्यावरचा पोहेवाला हटकून विचारायचा आणि शंतनु हसून सांगायचा, "बैठना ही नहीं है."

एरवी त्याच्यात लक्षात राहण्यासारखं काही नव्हतं. आजोबा मिलमध्ये टाइमकीपर होते, वडील शाळेत क्लार्क, आणि हा सांवेर रोडवरच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात माल तपासायला. वय चव्वेचाळीस. ऑफिसच्या ग्रुप फोटोत हा नेहमी कडेला, अर्धा कापलेला. पण रविवारी सकाळी सिमरोलच्या पुढच्या बंद पडलेल्या गिट्टीच्या, म्हणजे खडीच्या, खदानीत तो निराळाच माणूस असायचा.

ही मोटरसायकल त्याने स्वतः जुळवून उभी केली होती. जुन्या टू-स्ट्रोकचं इंजिन, कापून हलकी केलेली फ्रेम, मागे चेनचं थाळीएवढं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, आणि टायरमध्ये इतकी कमी हवा की बघणाऱ्याला पंक्चर वाटावं. 'ट्रायल्स' म्हणतात या खेळाला. वेगाशी त्याचा संबंध नाही. गाडी चालते माणसाच्या चालीने, पण दगडांवरून, घळीतून, कमरेएवढ्या कातळावरून. आणि चालवणाऱ्याने उभं राहून, पाय जमिनीला न लावता पार व्हायचं. पाय टेकला की एक गुण गेला. शंतनु टोपलीएवढ्या दगडावर पुढचं चाक टेकवून, एक बोट क्लचवर ठेवून मिनिटभर निश्चल उभा राहायचा. त्याचा मित्र नीरज आपल्या लोडिंग टेम्पोत दोघांच्या गाड्या घालून आणायचा. तो म्हणायचा, "तू दगडाला काय सांगतोस रे, तो हलतच नाही!"

घरी आल्यावर दुपारभर धुणं-पुसणं. एअर फिल्टरचा स्पंज रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, तेल लावून वाळत घालायचा. एकेका स्पोकवर पान्याने टिचकी मारून आवाज ऐकायचा. सैल असेल तो बद्द वाजतो. क्लचच्या केबलमध्ये थेंब थेंब तेल सोडायचं. त्याची बायको देवयानी म्हणायची, "माझ्या मिक्सरकडे बघा कधी इतक्या प्रेमाने."

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर त्याला मूत्रपिंडाचं इन्फेक्शन झालं आणि ते रक्तात पसरलं. सतरा दिवस इंजेक्शनं चालली. जीव वाचला. घरी येताना दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्याला वाटलं, अशक्तपणा आहे. पण महिना झाला, दीड महिना झाला, तरी चालताना दुकानांच्या पाट्या वरखाली उड्या मारायच्या. आंघोळीला साबण लावताना डोळे मिटले आणि तो सरळ नळावर आदळला.

डॉक्टरांनी त्याला पाय जुळवून उभं केलं. "अब आँखें बंद कीजिए." दुसऱ्याच क्षणी देवयानीने त्याला धरलं.

डॉक्टर खुर्ची जवळ ओढून बसले. दोन्ही कानांच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते; त्या इंजेक्शनांतल्या औषधाने ती गेली होती. औषध दिलं नसतं तर माणूस गेला असता.

"वापस आएगा?" शंतनुने विचारलं.

"नहीं. शरीर आँखों से काम चलाना सीखेगा, थोड़ा-बहुत."

हे 'थोड़ा-बहुत' त्याने घट्ट धरून ठेवलं. भिंतीवर कागद चिकटवला, त्यावर एक अक्षर लिहिलं. नजर अक्षरावर ठेवून मान डावी-उजवी हलवायची. रोज तीनदा, दहा महिने. ओकारी यायची. तोंड धुवून पुन्हा उभा राहायचा. रविवारी गाडीचं सगळं पूर्वीसारखंच करायचा, न वापरलेला फिल्टरही धुवायचा. हळूहळू दिवसाउजेडी तो नीट चालू लागला आणि एक दिवस नीरजला म्हणाला, "येत्या रविवारी खदान."

नीरजने आधी सपाट जागेवर चुन्याने इंग्रजी आठाचा आकडा काढला. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. शंतनु पाय ठेवायच्या फूटपेगवर उभा राहिला, नजर समोर ठेवून दहा-बारा फूट सरळ गेला. वळताना त्याने चाकाकडे पाहायला मान वाकवली आणि सगळी खदान कुणी हिसका मारावा तशी सरकली. पाय टेकला. पुन्हा वळला, पुन्हा टेकला. पाचव्या वेळी गाडी अंगावर आली आणि फूटपेगने नडगी सोलली.

"रहने दे भिया आज," नीरज म्हणाला.

"एक बार और."

असं तो अकरा वेळा म्हणाला. मग एका दगडावर बसला आणि म्हणाला, "तू चालव. इंजिन गरम आहे."

नीरज शंतनुच्या गाडीवर चढला आणि घळ चढून कातळावर गेला. एकदाही पाय न टेकता. त्याला ते यापूर्वी कधी जमलं नव्हतं. हर्षाने त्याने वळून पाहिलं आणि शंतनुचा चेहरा बघून गाडी बंद केली.

परतताना टेम्पोत नीरज चाचरत म्हणाला, "उभी राहून खराब होईल रे. माझ्याकडे देतोस? तुझीच राहील."

"नाही," शंतनु म्हणाला. इतक्या तुटक आवाजात तो कधी कुणाशी बोलला नव्हता. त्याची त्याला लाज वाटली, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. नीरज पुढे दोनदा येऊन गेला. मग फोन, मग तेही नाही.

पुढच्या रविवारी शंतनुने गाडी उघडायला घेतली. चाकं, चेन, कार्बोरेटर, मग इंजिन. प्रत्येक भाग धुतला, तेलाचा हात फिरवला, वर्तमानपत्रात गुंडाळला, वर त्या भागाचं नाव लिहिलं आणि पलंगाखाली ठेवला. तीन रविवार लागले. खाली पाहून काम करताना गरगरायचं, तेव्हा भिंतीला डोकं टेकवून थांबायचा. शेवटी फ्रेम तेवढी ओसरीत उरली. तीही त्याने पलंगाखाली सरकवली.

देवयानी दारात उभी होती. "परत जोडणार ना?"

"हो," तो म्हणाला. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

चौथ्या रविवारी त्याला सवयीने सहालाच जाग आली. करायला काही नव्हतं. तो पलंगावर बसून राहिला. आठ वाजले, नऊ वाजले. देवयानीने पोह्यांची प्लेट आणि जीरावन मसाल्याची डबी आणली.

"जीरावन टाकू?"

"टाक," तो म्हणाला. बराच वेळ प्लेट तशीच हातात धरून बसला.