उकिरड्यावरचा भोपळा

दुसऱ्याच्या दुःखात रडायला मला कधीही बोलवा. मयत कुणाची का असेना, मी पहिली हजर. पण दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानावा असंही शास्त्र सांगतं, आणि तिथंच माझं घोडं पेंड खातं.

मुलाच्या नोकरीपायी आम्ही नवराबायको नगरकडचं गाव सोडून पुण्याजवळ, पिरंगुटपाशी भरे नावाच्या गावात भाड्यानं राहायला आलो. तिकडच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या सणाला वेदीपुढं पहिला भोपळा आमच्या परसातला असायचा. शेतात-परसात पिकेल त्यातलं पहिलं देवाला, असा त्या सणाचा रिवाज. इथल्या मंडळीत मला कोण ओळखतंय? अमक्याची आई, संपलं. म्हटलं, थांबा. दिवाळीनंतर सण येईल, तेव्हा माझा भोपळा बघा, मग कळेल मी कोण ते. आणि हे मी उपासनेनंतर चहा पिताना चारचौघींत बोलूनही बसले.

घरमालकिणीनं भिंतीकडेची जागा दिली. मी आळं केलं, शेणखत घातलं, ताक ओतलं, रोज सकाळी वेलापाशी उभं राहून प्रार्थना केली. वेल भिंतभर पसरला आणि फळाचं नाव नाही.

घरमालकीण कंबरेवर हात ठेवून बघायची. "बाई, लई लाड केलं तुमी. माजलाय त्यो."

शेजारच्या खोलीत लातूरकडचा एक पोरगा राहतो. हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करतो. आमच्याच मंडळीत नुकताच यायला लागलेला. बायबलमध्ये रूथ कुठं ते त्याला अजून सापडत नाही, उपदेशात पेंगतो, आणि जाग आली की भलत्याच ठिकाणी ‘आमेन’ म्हणतो. ह्यानं कधीतरी भाजी चिरून बिया उकिरड्यावर फेकल्या. पाणी नाही, खत नाही, साधं वळून बघणं नाही. दसऱ्यापर्यंत तिथं पाटीएवढा भोपळा. मला दाखवायला तोच आला. "काकू, हे काय आहे?"

माझ्या पोटात जे दुखलं ते ओव्यानं थांबणारं नव्हतं. त्या रविवारी पाळकसाहेबांनी नेमका कृपेवर उपदेश केला. लायकी नसताना मिळतं ती कृपा, म्हणाले. मी मान डोलावली. लायकी नसलेला माझ्या शेजारीच घोरत होता. घरी येऊन मी प्रार्थना केली, "प्रभू, त्या पोराचं भलं कर. फक्त तो भोपळा जरा आवर."

भोपळा काही आवरला नाही. माझ्या वेलाला शेवटी एक फळ धरलं, नारळाएवढं झालं, आणि सण तोंडावर आला तेव्हा माशीनं डंख मारून सडलं. मी आळ्यापाशी बसून रडले. भोपळ्यासाठी कोणी रडतं का? मी रडले. त्या चारचौघींना आता तोंड कसं दाखवायचं?

घरमालकीण म्हणाली, "रडताय काय? त्यो हाय की उकिरड्यावर."

"तो माझा नाही."

"त्या पोराचा तरी कुटं हाय? त्यानं काय केलंय?"

सणाच्या सकाळी पोरगा दारात उभा, भोपळा कवेत घेऊन. "काकू, तुमचा गेला ना? हा न्या. मला त्यातलं काय कळतं?" मी तोंडानं नको नको म्हणत होते आणि हात पुढं करत होते. त्याच्याच स्कूटरवर मागं बसून, भोपळा मांडीवर धरून मी चर्चला गेले. पिरंगुटच्या चौकात लोक वळून बघत होते. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

वेदीपुढं तो ठेवला तर मागच्या केळ्यांच्या फण्या दिसेनाशा झाल्या. पाळकसाहेब खूश. "काकू, आभाराची प्रार्थना तुम्हीच करा."

चारचौघी माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या. गप्प बसले असते तर भोपळा माझाच होता. मी डोळे मिटले. "प्रभू, हा भोपळा माझा नाही. ह्या पोराचा आहे."

"आमेन," पोरगा म्हणाला.

कोणीतरी खुदकन हसलं आणि मलाही हसू आवरेना. लांबलचक प्रार्थना पाठ करून आले होते, ती सगळी विसरले. "त्यानंही काही केलेलं नाही," मी म्हटलं, "आणि मीही नाही. आम्हा दोघांना फुकट मिळालाय. चांगला मोठा दिलास. आमेन."

दुपारी त्याचीच भाजी अख्ख्या मंडळीनं खाल्ली. तेव्हापासून तिथं मला सगळे ‘भोपळेवाल्या काकू’ म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे. आता ओ देते.