चौघांनी उचललेली तळी

देवाची कृपा झाली की माणसं ती आनंदानं सांगतात. मला मात्र माझा अनुभव सांगताना तोंड कडू पडतं. कृपा झाली नाही असं मी म्हणणार नाही, झाली. पण ती कोणाच्या दारावरून माझ्याकडे आली हे आठवलं की खंडोबापुढं मान वर करवत नाही.

मी सेनगाव तालुक्यातला, पुसेगावजवळच्या एका खेड्यातला. बरीच वर्षं सौदीत एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बसवायचं काम करतो. मार्गशीर्ष लागला आणि बायकोचा फोन आला. आईच्या अंगावरून वारं गेलं होतं, उजवी बाजू पडली होती, नांदेडच्या दवाखान्यात ठेवली होती. "आई तुमचंच नाव घेऊन राहिल्या. कसंबी करून या," म्हणाली. कसंही करून कसं येणार? पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. आमच्या टोळीतल्या एकालाच एका वेळी सुट्टी मिळते, आणि ती पाळी मिलिंदची होती. साहेबापुढं मी रडलो. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली आणि सांगितलं, पाळीनं जा.

हा मिलिंद कळमनुरीचा, माझ्याच खोलीत माझ्या वरच्या पलंगावर झोपणारा. माणूस थट्टेखोर. माझ्या जपाच्या माळेकडे बघून म्हणायचा, "दादा, इतक्यांदा हाक मारल्यावर माझ्या बापानं तर चप्पल फेकून मारली असती." मी हसायचो, पण मनातून तो मला खुपायचा. तो बौद्ध, देव न मानणारा. परक्या मुलखात आपल्याकडचा म्हणून सोबत जेवायचो, एवढंच.

चंपाषष्ठीला तळी उचलायची असं मी ठरवलं. आईला डोळ्यांनी बघू दे, एवढंच मागणं. आमच्याकडे तळी म्हणजे ताम्हणात विड्याची पानं, खोबरं, भंडारा ठेवायचा आणि पाच जणांनी मिळून ते ताम्हण तीनदा उचलून येळकोट करायचा. पाच जण हवेतच. तिथं उघड पूजा चालत नाही. खंडोबाचं चित्र मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. पानं मिळाली नाहीत, ताम्हणाऐवजी जेवणाची थाळी घेतली, भंडारा म्हणून स्वयंपाकाची हळद. खंडोबालाच मल्लण्णा म्हणणारा निजामाबादचा एक जण आला, मैलार म्हणणारा बिदरचा आला, तिसरा वाशिमचा. मी धरून चार. पाचवा म्हणून मी मिलिंदला हाक मारली.

तो एक पाऊल मागं सरला. "दादा, आमच्या आज्यानं जे सोडलं ते मी आता धरू व्हय? तुमी करा. मी दारात उभा राहतो. कोणी येऊन राहिलं तर खोकलतो."

"नुसता हात लावायला काय जातं रे तुझं? तिकडं माझी माय मरून राहिली."

"मायसाठी सांगा, काहीबी करतो. हे न्हाई करणार."

टीव्हीचा आवाज मोठा करून आम्ही चौघांनीच तळी उचलली. येळकोट पुटपुटत केला. बाहेर तो खरंच एकदा खोकला, तशी आम्ही थाळी पलंगाखाली सारली. शेजारच्या खोलीतला माणूस पाण्याला निघाला होता. सगळे हसले. मी हसलो नाही. तळी अपुरी राहिली, आता आई भेटत नाही, आणि हे या माणसामुळं, असं मी धरून बसलो. दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

मग एका संध्याकाळी तोच येऊन म्हणाला, "दादा, ऑफिसात जाऊन पासपोर्ट घ्या. माझ्या जागी तुमचं नाव घालायला लावलं."

"काहून?"

"काहून म्हंजे? माझा बाप धडधाकट हाये, शेळ्या वळून राहिला. मी उन्हाळ्यात जाईन. तुमच्या मायला कुठं उन्हाळ्यापर्यंत दम हाये?"

मी धावत कपाटापाशी गेलो, दार उघडलं आणि चित्रापुढं डोकं टेकलं. ढसाढसा रडलो, "मल्हारी, ऐकलंस रे बाबा," म्हणालो. आणि मिलिंद माझ्या पाठीशी उभा होता. त्याच्याकडे मी वळलोही नाही. थोड्या वेळानं तो वरच्या पलंगावर चढला, भिंतीकडे तोंड करून झोपला.

आई भेटली. मला ओळखलं. डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि सोडीना. पुढं ती घरी आली, खाटेवर टेकून बसायला लागली. गावात जो तो म्हणायचा, खंडोबानं पोराला आणलं. मी सगळ्यांना तळीची गोष्ट सांगायचो. त्या गोष्टीत मिलिंद नसायचा.

तेवढ्यात त्याचा फोन आला. त्याचा बाप शेळ्यांमागं चालता चालता खाली बसला तो उठलाच नाही. कंपनीनं त्याला सांगितलं, तुझ्या पाळीवर दुसरा गेलाय, तो आल्यावर बोल.

मी कळमनुरीला गेलो. अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पंचशील चाललेलं. मग स्मशानात मिलिंदच्या धाकट्या भावानं अग्नी दिला. मी फोन धरून उभा होतो. फोनमध्ये मिलिंद, डोक्यावर हेल्मेट, मागं लोखंडी पाइपांची परांची. तो म्हणाला, "दादा, जरा जवळ न्या. तोंड दिसून न्हाई राहिलं." मी जवळ नेला, पण धूर आडवा आला. तो नीट बघू शकला नाही.

परत घरी आल्यावर मी निघताना त्याच्या आईनं थांबवलं. मला वाटलं, शिव्या देईल. द्याव्यात, असंही वाटलं.

"ज्याची माय आजारी हाये तो तूच का रे?"

"व्हय, माय."

"बरी हाये का आता?"

"बरी हाये."

"बराबर काळजी घे तिची," म्हणाली आणि मला चहा टाकायला सुनेला सांगितलं. मी ओसरीवर कप घेऊन बसलो. देव माझ्याशी कधीच बोलला नाही, पण त्या ओसरीवर मला जे कळलं ते दुसऱ्या कोणी शिकवलं नसतं. मी मागितलं आणि मला मिळालं. ज्याच्या हातून मिळालं त्याला साधं पाणीही विचारलं नाही. आता मी देवाकडे मागत नाही. नुसता हात जोडतो. मागायची भीती वाटते.

सुट्टी अजून बाकी होती. मी तिकीट अलीकडचं करून घेतलं, म्हणजे मिलिंदला निघता येईल. त्याला कळवलं तर म्हणाला, "घाई करू नका, दादा. आता कशाची घाई?"

आईला निघायचं सांगितलं. आपली पुन्हा भेट होईल का, हे मी तिला विचारलं नाही. देवालाही विचारलं नाही. आशीर्वादाला तिनं डावा हात उचलला, तो अर्ध्यावरच थांबला. मी गुडघ्यांवर बसलो आणि डोकं त्या हाताखाली नेलं.