टाकीपुढचा नारळ

चहाचा घोट घ्यायचा असेल तर आत्ताच घ्या. पुढं हसता हसता ठसका लागला, तर जबाबदारी माझी नाही!

आमची मंडळी, म्हणजे बायको मंगल, अमेरिकेला लेकीकडं गेली होती. तिथं घरामागच्या झाडीत फिरताना तिला गोचीड चावली. आता मला सांगा, आमच्या वारूळवाडीत जन्मभर गुराढोरांत वावरलेल्या बाईला गोचिडीचं काय कौतुक? ओढून काढली, फेकून दिली. पण त्या परदेशी गोचिडीनं जाता जाता लाईम नावाचा आजार दिला. सगळी औषधं झाली, गावी परतून वर्ष उलटलं, तरी सांधे दुखायचे, अंगात त्राण नसायचं. भाकरी थापायला बसली की दोन थापांत हात खाली. मग पाठ वळवून डोळे पुसायची. ते मला बघवत नव्हतं.

पुण्याचे डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, “बंद टाकीत, दाबाखाली ऑक्सिजन देऊन बघू. या आजारावर पक्का पुरावा नाही, खात्री देत नाही. पण काहींना बरं वाटतं.”

आम्हाला फक्त ‘बरं वाटतं’ एवढंच ऐकू आलं!

टाकी म्हणजे आपल्याकडं दूध न्यायला टँकर येतो ना, त्याची धाकटी बहीण. बाजूला एक गोल काच. ती बघून मंगल दारातूनच माघारी वळली.

“म्या न्हाई आत जायची! जीव गुदमरंल माझा.”

“अगं, ऑक्सिजनच्या टाकीत गुदमरशील कशी?”

“तुमी काचेम्होरं बसणार असाल तर जाते. जागचं हलायचं न्हाई!”

“हललो तर नाव बदल माझं!”

मग टाकी चालवणारी मुलगी आली. “काकू, केसांना तेल लावलंय? धुवून या. आत शुद्ध ऑक्सिजन असतो, तेल नको, ठिणगी तर अजिबात नको.”

मंगल डोकं धुवायला निघाली, तेवढ्यात मी सुनावून घेतलं, “जरा इचार करत जा! दवाखान्यात काय न्यावं, काय न्हाई, कळत न्हाई का?”

हे वाक्य लक्षात ठेवा बरं का.

मुलीनं मला विचारलं, “काका, काडेपेटी, लायटर काही आहे?”

“ताई, आमच्या घराण्यात विडीला कुणी शिवलेलं न्हाई!”

खोटं बोललो नाही हो! पूजेच्या पिशवीतली काडेपेटी ही काडेपेटी असते, हे डोक्यातच आलं नाही. आता पूजेची पिशवी कशाला, म्हणता? अहो, आपल्याकडं विहिरीवर मोटार बसवली तरी नारळ फुटतो. घरात मिक्सर आला तरी त्याला हळदकुंकू लागतं. आणि बायकोचा जीव ज्या मशीनच्या हवाली करायचा, ते तसंच सुरू करायचं?

मंगल आत गेली. दार लागलं. मुलगी बटणांकडं वळली. मी हळूच टाकीला कुंकू लावलं. खाली ताटली ठेवली, तिच्यात कापूर. नारळ काखेत दाबला आणि काडी काढून पेटीवर टेकवली…

“काकाऽऽऽ!”

मला वाटलं, तिलाही पूजेत यायचंय. म्हटलं, “या ताई, प्रसाद सगळ्यांनाच हाय!”

ती धावली. मी दचकून काखेतला नारळ सावरायला वर धरला. तेवढ्यात वॉचमन आत आला. त्याला काय दिसलं? एक म्हातारा नारळ उगारून काचेवर चालून निघालाय! त्यानं मागून अशी मिठी मारली, की मला लग्नातसुद्धा कुणी एवढं घट्ट धरलं नव्हतं. काडेपेटी जप्त, नारळ जप्त आणि मी रस्त्यावर!

पण बाहेर उभं राहिलो आणि मंगलला दिलेला शब्द आठवला. काचेसमोरचं स्टूल रिकामं. मंगल घाबरून बाहेर आली, तर पुन्हा त्या टाकीत पाय ठेवायची नाही. एवढी आशा धरून आलो आणि माझ्या हातानं घालवली!

मी दाराशी गयावया करत होतो. आतून मुलीचा आवाज आला, “काकू, काकांना बाहेर काढलंय. घाबरू नका. मशीन थांबवू का?”

स्पीकरवरनं आमच्या मंडळींचा आवाज, “ते पार भाईर गेलेत ना? मंग चालू द्या! आता कशाचं भ्या?”

आणि हसली हो! वर्षभरानं एवढं मोकळं हसली. बाहेर मला ऐकू आलं, आणि माझेच डोळे भरले.

त्यानंतर रोज ती आत आणि मी गेटाबाहेर. हळूहळू चालणं सुधारलं. डॉक्टर म्हणाले, “टाकीनं, औषधानं की काळानं, ते सांगता येत नाही. पण सुधारतंय.”

शेवटच्या दिवशी वॉचमननं माझा नारळ परत दिला. “फोडा पावणं, पण हितं गेटावर.”

मी मोठ्या रुबाबात दगडावर आपटला. नुसता टप्प आवाज! पुन्हा आपटला, तर निसटून गटाराकडं पळाला. मंगलनं उचलला, पुसला आणि एका दणक्यात दोन भकलं केली. भाकरी थापता येत नव्हती ना, त्याच हातांनी!

सगळ्यांना खोबरं वाटलं. मी हात पुढं केला, तर तिनं वॉचमनला विचारलं,

“दादा, ह्यांचे खिसे बघितले का? मंग देते.”