रविवारची शर्यत, सोमवारची बस

डिचोली-म्हापसा बसचा तो ड्रायव्हर सावंतवाडीकडचा होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. चिडायला नाव लागत नाही. वाटेत कुणीही हात केला की तो बस थांबवायचा, आणि मला शाळेत शिकवायला पोचायला उशीर व्हायचा.

रविवारी मात्र हाच माणूस सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या कातळमाळावर, होणाऱ्या मोटार शर्यतींत मेहुण्याची जुनी गाडी पळवायचा. सोमवारी बसमधल्या गणपतीच्या तसबिरीशेजारची रिकामी जागा दाखवून सांगायचा, "हय कप येतलो!"

मोसमातल्या शेवटच्या शर्यतीला आम्ही सगळे प्रवासी गेलो. शेवटच्या फेरीत तो सर्वांत पुढे होता. आमच्या बसमधली मासेवाली आनंदाने उठली आणि तिने हात उंचावला. त्याने तिच्यासमोर गाडी कचकन थांबवली! दोन गाड्या धूळ उडवत पुढे निघून गेल्या.

"हात दिसलो काय पाय आपसूक ब्रेकार जाता," नंतर तो पोट धरून हसत म्हणाला.

सोमवारी मलाच उशीर झाला. बस सुटलेली पाहून मी धावतच हात केला. ती थांबली.

"चडा सावकाश, बाईनू," तो म्हणाला. "हय मागसून कोण येणा नाय."