विजयमालाबाईंच्या तिरप्या रेषा

१ डिसेंबर १९६५ रोजी विजयमालाबाईंनी सही करून एकशे बारा रुपये पन्नास पैसे पगार घेतला. पुढचा मिळेल याची खात्री नव्हती.

कडेगावच्या ऊसकरी घरातल्या या बाई मॅट्रिक होऊन सांगलीच्या एका कॉलेजात लागल्या होत्या. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं काम. ड्युटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची सैलसर जोडी. ती दुसऱ्या अणूच्या केंद्रावर आदळली की फुटते. परदेशात असा मारा झेललेल्या फोटोच्या काचा कॉलेजात आल्या होत्या. सुटलेला प्रोटॉन काचेवरच्या जाड लेपात काळी रेषा सोडून जातो. ती किती लांब आणि किती खोल गेली ते मोजलं की त्याचा जोर कळतो. अशा चार हजार रेषा बाईंनी मोजल्या होत्या.

त्यांतल्या ऑगस्टात मोजलेल्या चाळीस प्राध्यापक मानसिंगरावांनी पुन्हा मोजून पाहिल्या. आडव्या रेषा जुळल्या. तिरप्या, म्हणजे लेपात खोल उतरणाऱ्या, सगळ्या आखूड भरल्या.

“ऑगस्टात हीच रेषा लांब होती?” सर त्या दिवशी म्हणाले. “हा काय तुमच्या कडेगावचा ऊस आहे, पावसात वाढायला? अंदाजानं आकडे भरलेत बाई तुम्ही. शनिवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर दुसरी नोकरी बघा.”

संध्याकाळी ताट पुढ्यात तसंच होतं.

“आगं, जेव की! कुणाचं काय चोरलंस व्हय?” आई मनुबाईंनी फडताळाचं दार एका बोटानं लोटलं. “श्रावणात ह्याला लाथ घालावी लागायची. आता बघ, लय गुणाचं झालंय.”

बाई दाराकडे बघतच राहिल्या. लाकूड ओल धरून फुगतं. मग काचेवरचा लेपही फुगत असेल! तो जाड झाला की फक्त खोल जाणाऱ्या रेषाच लांबणार.

सकाळी त्या धावतपळत कॉलेजात गेल्या. लेपाची जाडी सुरुवातीला एकदा मोजा, असं सरांनी सांगितलं होतं. बाई मात्र हात बसावा म्हणून रोज आधी तीच मोजायच्या आणि वहीच्या पानाच्या कोपऱ्यात लिहायच्या. ऑगस्टातली जाडी आजच्यापेक्षा दहाव्या हिश्श्यानं जास्त होती. वही त्यांनी सरांपुढे ठेवली.

सरांनी त्या त्या दिवशीची जाडी धरून एकेक रेषेचा नव्यानं हिशेब केला. अडतीस जुळल्या. उरलेल्या दोन सरांनीच चुकीच्या वाचल्या होत्या.

“रोज मोजा, हे मी सांगायला हवं होतं,” ते चष्मा पुसत म्हणाले. “पुढची काच घ्या बाई.”

कालपासून ताठलेले बाईंचे खांदे खाली आले. मधल्या सुट्टीत त्यांनी कॅन्टीनवाल्या नानासोंना सगळ्यांसाठी चहा-भजी सांगितली.

“पगार वाढला काय, बाई?”

“वाढला न्हाई, नानासो. ऱ्हायला.”

घाईत पैसे घरीच विसरले होते. नानासोंचे एक रुपया वीस पैसे अजून द्यायचे आहेत.